उपवासकाळाआधीचे चार रविवार : खानदेशात नव्याने आलेल्या कॅथोलिक कुटुंबांसाठी

खानदेशात कॅथेड्रल नाही, ही गोष्ट येथे बदली होऊन आलेल्या कॅथोलिक माणसाने सर्वप्रथम लक्षात घ्यावी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात मोडतात. हा धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला, थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले, आणि बिशपांचे आसन ज्या महामंदिरात असते ते कॅथेड्रल अर्थातच नाशकात आहे. भुसावळहून नाशिकरोडपर्यंत रेल्वेने अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर पडते. त्यामुळे मुंबई, वसई किंवा गोव्याहून आलेल्या कुटुंबाला जी सवय असते, की वर्षातला कोणताही मोठा विधी पाहायचा तर कॅथेड्रल जवळच आहे, ती येथे सोडावी लागते. येथील धर्मजीवन आपापल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका फादरांच्या देखरेखीखालील श्रद्धावंतांच्या समूहात), लहान चर्चमध्ये आणि पुष्कळदा एखाद्याच्या घराच्या ओसरीवर चालते, आणि कॅथेड्रलला जाणे हे ठरवून, तिकीट काढून करायचे काम असते.

या लेखाचा भर उपवासकाळ, म्हणजे लेंट, सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यांवर आहे, आणि त्याचे कारण सरळ आहे. नाताळ संपल्यावर ‘आता ईस्टरला बघू’ असे म्हणून बरीच नवी कुटुंबे दोन-तीन महिने चर्चच्या कार्यालयाकडे फिरकत नाहीत. राखेच्या बुधवारानंतर, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसानंतर, मात्र फादरांचे वेळापत्रक इतके भरलेले असते, की नावनोंदणी, दाखले, मुलांचे धर्मशिक्षण किंवा लग्नाची चौकशी यांसाठी त्यांना निवांत गाठणे कठीण जाते. ही सर्व कामे आधीच उरकावीत, हेच या लेखाचे सांगणे आहे.

दिवस आधी मोजून घ्यावेत

२१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा ईस्टरचा ढोबळ हिशोब आहे. २०२७ साली ही पौर्णिमा होळीचीच आहे, म्हणून ईस्टर २८ मार्चला येतो. तेथून ४६ दिवस मागे मोजले की १० फेब्रुवारी मिळतो. तो राखेचा बुधवार. मधले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून चाळीस दिवसांचा उपवास म्हणतात. ख्रिस्तस्नानाचा सण १० जानेवारीला झाल्यावर सामान्य काळ, म्हणजे चर्चच्या वर्षातले मोठ्या सणांबाहेरचे आठवडे, सुरू होतो आणि उपवासकाळापूर्वी त्यातले चारच रविवार हाती लागतात : १७, २४ आणि ३१ जानेवारी व ७ फेब्रुवारी.

नंदुरबारच्या बाजूला नेमणूक झालेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सातपुड्यातील व नवापूर परिसरातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात गेलेली असतात आणि होळीला गावी परततात. जानेवारी-फेब्रुवारीत खेड्यातल्या चर्चमध्ये म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच दिसली, तर हे चर्च ओस पडले आहे असा समज नव्या शिक्षकाने किंवा परिचारिकेने करून घेऊ नये. २०२७ साली होळी थेट पवित्र सप्ताहाच्या (ईस्टरआधीच्या आठवड्याच्या) तोंडावर येत असल्याने, परतलेली माणसे, भोंगऱ्याचे (होळीआधीचे आदिवासींचे) बाजार, होळीची धामधूम आणि झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) हे सगळे एकाच वेळी येईल. त्या आठवड्यात एसटीत जागा मिळण्याची आशा धरू नये.

चर्च कोणते, हे आधी पाहावे

खानदेशातील प्रत्येक चर्च कॅथोलिक नाही. विशेषतः जुन्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार भागात, विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनसारख्या प्रोटेस्टंट संस्थांनी काम केले, आणि तेथील पुष्कळ ख्रिस्ती मंडळी त्या परंपरेतली आहेत. रिक्षावाल्याला नुसते ‘चर्च’ म्हटले की तो आपल्या ओळखीच्या चर्चपाशी नेऊन सोडतो. आत गेल्यावर वेदीच्या मागे किंवा बाजूला पवित्र साक्रामेंताची, म्हणजे मिस्सेत (कॅथोलिकांच्या मुख्य उपासनेत) पवित्र केलेल्या भाकरीची, पेटी आणि तिच्याजवळ सतत तेवणारा दिवा, मरियामातेची मूर्ती, भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रे आणि एखाद्या कोपऱ्यात पापनिवेदनाची जागा दिसली, तर ते चर्च बहुधा कॅथोलिक समजावे. याहूनही खात्रीची खूण म्हणजे मिस्सेतील मुख्य प्रार्थनेत पोपमहोदयांच्या पाठोपाठ नाशिकच्या बिशपांचे नाव घेतले जाते.

भुसावळमध्ये नवख्याला हा शोध सोपा जातो. रेल्वेमुळे तेथे पिढ्यान्‌पिढ्या गोव्याची, दक्षिणेची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत आली. त्यांत आयुध निर्माणीतली आणि दीपनगरच्या वीज केंद्रातली माणसे मिसळली. जळगाव किंवा धुळ्याला शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने चर्च शोधण्यापेक्षा धर्मभगिनी चालवत असलेली शाळा किंवा दवाखाना शोधावा. सिस्टरांना मिस्सेच्या वेळा तोंडपाठ असतात. वेळ प्रत्यक्ष विचारूनच जावे, कारण एकाच फादरांकडे मुख्य चर्चखेरीज आजूबाजूची गावे असतात, आणि गावातली मिस्सा पुष्कळदा आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, माणसे शेतातून परतल्यावर रात्री होते.

कार्यालयात जाताना

पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर दारातच फादरांना भेटावे, ‘जय ख्रिस्त’ म्हणावे, कोठून आलो ते सांगावे आणि कार्यालयात केव्हा येऊ, एवढेच विचारावे. त्या गर्दीत कागद काढून बसू नये. ठरलेल्या दिवशी मात्र कुटुंबातील प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याचा दाखला, प्रथम ख्रिस्तप्रसाद (ती पवित्र केलेली भाकर प्रथमच घेणे) व दृढीकरण (बाप्तिस्म्याची पुष्टी करणारा संस्कार) झाल्याची नोंद, लग्न झालेले असल्यास चर्चचा विवाहाचा दाखला, आणि जुन्या धर्मग्रामातील फादरांचे पत्र, अशी कागदपत्रे एका फायलीत घेऊन जावे. पत्र आणलेले नसेल तर जुन्या चर्चला फोन करून मागवून घ्यावे. बदलीच्या घाईत ते बहुतेकांचे राहून जाते आणि त्यात कोणी वावगे मानत नाही.

कागद नीट का हवेत, हे समजून घेतलेले बरे. कॅथोलिक चर्चमध्ये माणसाची मूळ नोंद त्याचा बाप्तिस्मा जेथे झाला त्या चर्चच्या वहीत असते; दृढीकरण, लग्न, धर्मगुरुपदाची दीक्षा यांच्या नोंदी पुढे कोठेही झाल्या तरी त्याच पानाच्या समासात कळवल्या जातात. म्हणून लग्नासाठी घरातला जुना, घडी पडलेला दाखला चालत नाही. अलीकडे, साधारणपणे गेल्या सहा महिन्यांत, काढलेली ताजी प्रत लागते, जेणेकरून समासातले सर्व शेरे तीवर यावेत. गोव्यातल्या किंवा झारखंडातल्या एखाद्या दूरच्या चर्चमधून ही प्रत टपालाने यायला आठवडे लागू शकतात. ज्यांच्या घरी ईस्टरनंतर लग्न आहे त्यांनी ही मागणी जानेवारीतच पाठवावी. चर्चमध्ये लग्नाची सूचना ओळीने रविवारच्या मिस्सेत वाचण्याची पद्धत आहे, विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग वेगळे असतात, आणि उपवासकाळात लग्नसमारंभ शक्यतो टाळतात. २०२७ साली नाताळ आणि राखेचा बुधवार यांच्यामधला काळच तोकडा असल्याने, ‘फेब्रुवारीत उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांची धावपळ ठरलेली आहे.

त्याच भेटीत मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग केव्हा भरतो, आपल्या वस्तीत प्रार्थनेसाठी एकत्र येणारा गट कोणता, आणि घरी आजारी किंवा अंथरुणाला खिळलेले कोणी असल्यास त्यांना ख्रिस्तप्रसाद कोण आणून देईल, हे विचारून ठेवावे. वस्तीतला गट ही येथील खरी ओळखीची जागा आहे. चर्चमध्ये शेजारी बसणारा माणूस वर्षभर फक्त मान हलवेल, पण जपमाळेसाठी तुमच्या बैठकीत येऊन सतरंजीवर बसलेल्या मावशी दुसऱ्याच दिवशी गॅसचा सिलिंडर कोठे मिळतो ते सांगतील.

केरळहून आलेल्या सिरो-मलबार (वेगळा पौर्वात्य विधी पाळणाऱ्या कॅथोलिक) परंपरेतील कुटुंबांनी फादरांना आपली परंपरा स्पष्ट सांगावी. त्यांचा उपवास राखेच्या बुधवारी नव्हे, तर त्याआधीच्या सोमवारी, म्हणजे ८ फेब्रुवारीला सुरू होतो. येथे त्यांना लॅटिन विधीच्या मिस्सेला येण्यास काहीच आडकाठी नाही. बाप्तिस्मा व लग्न यांच्या बाबतीत मात्र त्यांच्या स्वतःच्या धर्मप्रांताशी पत्रव्यवहार करावा लागू शकतो.

मिस्सेत कसे वागावे

पादत्राणांबाबत उंबऱ्यापाशी काय दिसते ते पाहावे. बाहेर चपलांची रांग असेल तर आपल्याही काढाव्यात. शहरातल्या चर्चमध्ये बहुधा तशी प्रथा नसते. काही खेड्यांत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला बसतात. उभे केव्हा राहायचे, गुडघे केव्हा टेकायचे, याची चिंता करू नये, पुढच्या रांगेतल्या आजींकडे लक्ष ठेवले की पुरते. फोन बंद ठेवावा.

ख्रिस्तप्रसाद केवळ कॅथोलिकांनीच घ्यावयाचा असतो, तोही किमान एक तास आधी काही न खाता. पाणी व औषध चालते. घरातील जोडीदार अन्य धर्माचा असेल, किंवा स्वतःची पापनिवेदनाची तयारी झालेली नसेल, तर जागेवर बसून राहण्यात काहीच कमीपणा नाही. अनेक ठिकाणी छातीवर हात आडवे ठेवून रांगेत गेल्यास फादर फक्त आशीर्वाद देतात, पण ही पद्धत सगळीकडे नाही, म्हणून आधी विचारावे. मिस्सेची भाषा मराठी असते. शहरात एखादी मिस्सा इंग्रजीतही मिळू शकते. प्रतिसाद पाठ होईपर्यंत चर्चमधले प्रार्थनेचे पुस्तक हाती धरावे.

त्या चार रविवारांत काय असते

२०२७ हे वाचनांच्या तीन वर्षांच्या फेऱ्यातले मार्कच्या शुभवर्तमानाचे वर्ष आहे. २४ जानेवारीच्या रविवारी मार्कच्या पहिल्या अध्यायातील तो उतारा वाचला जाईल ज्यात येशू पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा असे सांगतो, आणि हेच शब्द अडीच आठवड्यांनी कपाळाला राख लावताना पुन्हा कानावर पडतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली हा सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून ठरवला. शिवाय तो १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्तैक्य सप्ताहात येतो. खानदेशासारख्या ठिकाणी, जेथे शाळेत, दवाखान्यात आणि कब्रस्तानातही कॅथोलिक व प्रोटेस्टंट मंडळी एकमेकांच्या शेजारी असतात, तेथे संयुक्त प्रार्थनासभा झाली तर नवख्याने अवश्य जावे; गावातल्या सर्व ख्रिस्ती घरांची ओळख एका संध्याकाळी होते.

२ फेब्रुवारीला, मंगळवारी, येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण आहे. त्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, तेव्हा घरात वर्षभर लागतील तेवढ्या मेणबत्त्या बरोबर न्याव्यात. दुसऱ्या दिवशी संत ब्लेझ यांच्या स्मरणार्थ त्याच आशीर्वादित मेणबत्त्या आडव्या-उभ्या धरून गळ्याला लावतात व घशाच्या आजारांपासून रक्षण मागतात. लहान मुलांना हे फार आवडते. ५ फेब्रुवारी हा महिन्याचा पहिला शुक्रवार, येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीचा. आजारी व वृद्ध माणसांसाठी जागतिक रुग्णदिन ११ फेब्रुवारीला पाळला जातो, पण २०२७ साली तो राखेच्या बुधवाराच्या दुसऱ्याच दिवशी येतो, म्हणून ज्यांना आपल्या आईवडिलांसाठी रुग्णाभ्यंग (आजारी माणसाला तेल लावून करायचा संस्कार) हवा आहे त्यांनी ७ तारखेपूर्वी फादरांना सांगून ठेवावे.

७ फेब्रुवारी हा शेवटचा रविवार. आलेलुया आणि गौरवगीत यांना उपवासकाळात रविवारीसुद्धा विश्रांती असते, आणि वेदीवर फुलांची आरास नसते, त्यामुळे त्या दिवशी क्वायर जरा मोकळ्या गळ्याने गाते. मिस्सेनंतर एकत्र जेवण ठरले असेल तर प्रत्येक घराने काय आणायचे ते आधीच्या आठवड्यात विचारावे. थंडी सरता सरता भरिताची वांगी अजून बाजारात असतात. कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी असली, की गोव्याच्या मंडळींना आपल्या इंत्रुजची (उपवासकाळाआधीच्या कार्निव्हलची) आठवण काढण्यापलीकडे काही उरत नाही.

जुन्या झावळ्या आणि राख

त्याच रविवारी घरातली मागच्या वर्षीची झावळी चर्चमध्ये परत न्यावी. झावळ्यांच्या रविवारी मिळालेले आशीर्वादित पान लोक क्रूस करून तसबिरीच्या मागे खोचून ठेवतात, आणि वर्षभर त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते कचऱ्यात टाकत नाहीत. बुधवारी कपाळाला लावायची राख याच पानांची होते.

राख करण्याचे काम दिसते तितके सोपे नाही, आणि नव्या माणसाने मदतीला हात द्यावा असे हे काम आहे. पाने पूर्ण वाळलेली हवीत. ओलसर राहिली तर धूर होतो आणि राखेऐवजी काळे, चिवट तुकडे उरतात. पाने बारीक कापून लोखंडी घमेल्यात, वारा नसलेल्या कोपऱ्यात जाळावीत, निखारा विझून सगळे गार होईपर्यंत थांबावे, मग दगडी खलात वा वाटीच्या बुडाने चुरून मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावे. ढीगभर पानांची राख मूठभरच होते, पण लहान धर्मग्रामाला ती पुरते. तिच्यात पाणी मात्र कालवून ठेवू नये. पाण्याने राखेतला क्षार सुटतो आणि नाजूक कातडीला, विशेषतः मुलांच्या, जळजळ होऊ शकते. ती कोरडीच वापरावी, नाहीतर कपाळावर टिकावी म्हणून तेलाचा एखादा थेंब घालावा.

बुधवारी राख कोणालाही लावता येते. हा संस्कार नव्हे, म्हणून अन्य धर्माचा जोडीदार, बाप्तिस्मा न झालेले मूल किंवा प्रोटेस्टंट शेजारी रांगेत उभा राहिला तर चालते. कामावर जाणाऱ्यांनी पहाटेची मिस्सा आहे का ते पाहावे. नसल्यास संध्याकाळची असते. दिवसभर कपाळावर राख ठेवायची की पुसायची हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कार्यालयात कोणी ‘आज कुठल्या देवळात गेला होतात?’ असे विचारले तर रागावू नये, कारण येथे कपाळावर अंगारा लावणे नवलाचे नाही.

उपवासाचा नियम

राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंतच्या सर्वांना तो लागू आहे : दिवसभरात एकदाच पोटभर जेवण, आणि जरूर पडल्यास दोन वेळा अगदी थोडके खाणे. मांसाहार वर्ज्य ठेवण्याचा नियम चौदा वर्षांपासून पुढच्यांना आहे. आजारी माणसे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, उन्हात अंगमेहनत करणारे मजूर यांना सवलत आहे.

शेजारणी विचारतील, साबुदाणा भिजवायचा का? तशी गरज नाही, कारण कॅथोलिक उपवासात धान्य वर्ज्य नसते. एक वेळची वरणबट्टी किंवा खिचडी-कढी चालते. उलट साबुदाणा वडे, शेंगदाणे आणि दुधाचे ग्लास असा तीन वेळचा फराळ करून उपवास झाला असे मानणे त्याच्या हेतूशी जुळत नाही. वाचलेले पैसे बाजूला ठेवावेत. उपवासकाळात चर्चमधून जमा होणारा निधी गरजूंसाठी जातो, आणि १९६२ साली स्थापन झालेली कॅरितास इंडिया याच काळात भूक व रोग यांविरुद्धची देशव्यापी मोहीम चालवते.

कॅथेड्रलला केव्हा जावे

उपवासकाळाचा पहिला रविवार १४ फेब्रुवारीला आहे. जे प्रौढ ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणार असतात, त्यांची निवड बिशप या सुमारास करतात, आणि त्यासाठी कॅथेड्रल हीच योग्य जागा मानली जाते. आपल्या धर्मग्रामातून असे कोणी जाणार असल्यास, किंवा आपणच त्यांचे धर्मपिता वा धर्ममाता असल्यास, विधीची तारीख व वेळ फादरांकडून जानेवारीतच नक्की करून घ्यावी. पवित्र सप्ताहात बिशप आपल्या धर्मगुरूंसह तेलांना आशीर्वाद देतात, तीही मिस्सा कॅथेड्रलमध्ये होते. दूरवरच्या फादरांना आपापल्या गावी परतता यावे म्हणून ती पवित्र गुरुवाराआधीच घेण्याची मुभा धर्मप्रांतांना असते, म्हणून हीही तारीख विचारून घ्यावी.

भुसावळ, जळगाव, पाचोरा आणि चाळीसगावच्या लोकांना नाशिकरोडपर्यंत थेट गाड्या आहेत. धुळेकरांनी महामार्गाने एसटी धरावी. नंदुरबारचा लोहमार्ग सुरत-भुसावळ असा असल्याने तेथून नाशकासाठी रस्ताच बरा पडतो; त्यांनी आदल्या दिवशी निघून मुक्काम करावा आणि मुक्कामाची सोय धर्मप्रांताच्या एखाद्या संस्थेत होईल का, हे फादरांमार्फतच विचारावे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणजे १४ फेब्रुवारीच्या प्रवासासाठी तिकीट नाताळच्या धामधुमीआधीच, डिसेंबरच्या मध्याला काढता येईल.